फिरणारा ॲनिमोन आणि एका ‘जुन्या शौकिना’ला उत्तर

‘एक जुना शौकीन’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी माझ्या ॲनिमोनवरच्या (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) लेखाखाली प्रतिक्रिया दिली आहे. तिथेच चार ओळींत उत्तर देणार होते, पण लिहिता लिहिता लांबलं, म्हणून वेगळं टाकते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मुख्य वाक्य असं: “ॲनिमोन फिरतो तो पाळणाऱ्याच्या चुकीमुळेच, ‘तो आपली जागा आपण शोधतो’ असं लिहून लेखिकेने सोयीस्करपणे हात झटकले आहेत, सगळंच पुस्तकी आहे.” त्यापुढे खाणं, क्लाऊनफिश (ॲनिमोनच्या आडोशाने राहणारा मासा) आणि मिठाचा आकडा यांवर एकेक टोला, आणि शेवटी एडिनबरोची बरणी. बरणीकडे येतेच.

आधी सुराबद्दल. मतभेदाला माझी ना नाही. पण दुसऱ्याचा सगळा अनुभव एका वाक्यात निकालात काढायचा आणि स्वतःच्या टँकबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही कुठली रीत? तुमचा टँक किती लिटरचा, किती जुना, आत कोणत्या जातीचा ॲनिमोन, काही पत्ता नाही. उंटावरून शेळ्या हाकायला टँक लागत नाही हे खरं.

पुस्तकं मी वाचते, त्याची मला लाज नाही. पण दिवे बंद झाल्यावर टॉर्चला लाल कागद लावून काचेला नाक टेकून बसणारीही मीच. बबल-टिप जातीचा ॲनिमोन जागा सोडतो तेव्हा नेमकं काय होतं ते पाहिलंय तुम्ही? आधी पायाची, म्हणजे बुडाच्या चकतीची, एक कड खडकापासून सुटते, इतकी हळू की सुटली हे कळतच नाही, फक्त खालची सावली रुंदावत जाते. ती कड पातळ होत पुढे सरकते, दुसरीकडे टेकते, आणि मग मागची बाजू ओढून घेतली जाते. मध्येच तो अंगातलं सगळं पाणी सोडून मुठीएवढा होतो, टेंटॅकल्स (तोंडाभोवतीच्या शुंडा) आखडतात. नवखा माणूस घाबरतो आणि हात घालून त्याला ‘चांगल्या’ जागी ठेवायला जातो. खरा घात तिथे होतो. अर्धवट चिकटलेला पाय ओढला की फाटतो, आणि फाटलेल्या पायाचा ॲनिमोन सहसा वाचत नाही. लेखात ‘हात लावू नका’ हे मी दोनदा लिहिलं ते यासाठी. याला तुम्ही हात झटकणं म्हणता.

आता मूळ वाक्याकडे. ‘पाळणाऱ्याच्या चुकीमुळेच’ यातला ‘च’ तुम्ही कुठून आणलात? ॲनिमोनला तीन गोष्टी एकाच जागी हव्या असतात: पायाला पकड, अंगात राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालाला पुरेल एवढा प्रकाश, आणि अंगावरून जाईल पण झोडपणार नाही असा प्रवाह. नवीन टँकमध्ये सोडलं की त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. विक्रेत्याकडे तो बहुतेक वेळा मंद उजेडात, नुसत्या काचेवर बसलेला असतो. नव्या घरात आणलेलं मांजर सगळे कोपरे हुंगून येतं, तेव्हा घरमालकाचं चुकलं असं कोणी म्हणत नाही. पहिले काही दिवस तो हिंडणार. बबल-टिपला खडकातली खोल खाच मिळाली, पाय आत आणि तोंड उजेडाकडे अशी, तर बहुतेक वेळा तो तिथेच बसतो, आणि धोका वाटला की सगळा आत ओढून घेतो. सपाट खडकावर ठेवलात तर रात्रीत निघालाच म्हणून समजा.

जातीजातीत फरक आहे तो वेगळाच. हॅडोनी कार्पेटला आणि लाँग टेंटॅकलला पाय वाळूत खुपसायचा असतो, खालच्या घट्ट तळाला धरायचं असतं. त्यांना खडकावर मांडलंत तर ते उतरणारच. मॅग्निफिका उलट, उंच उघड्या खडकाच्या टोकावर चढून बसणार. वाळूतल्याला खडक देणं ही पाळणाऱ्याची चूक, कबूल. पण हे लेखात आहे, दुसऱ्याच परिच्छेदात, आणि तिथवर वाचायचे कष्ट कोणीही घेऊ शकतं.

आणि ‘पाणी खराब’ हे जे तुमचं ठरलेलं निदान आहे ना, त्याबद्दल माझीच हकीकत सांगते. माझा जुना बबल-टिप, वर्षानुवर्षं एका खाचेत बसलेला, एकाएकी चालायला लागला. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान 25 अंश, क्षारता जिथल्या तिथे. सगळं पुन्हा तपासलं, तेच आकडे. कारण निघालं ते नवा वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात लाटा उठवणारा पंप. त्याचा झोत थेट त्याच्या तोंडावर जात होता. वेव्हमेकरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि गडी जुन्या खाचेशेजारी बसला तो बसलाच. पाणी स्वच्छ होतं, साहेब. आता ‘वेव्हमेकर तुम्हीच लावलात, म्हणजे चूक तुमचीच’ असं म्हणाल. म्हणा. त्या हिशेबाने टँक घेतला हीच पहिली चूक.

आठवडे उलटले तरी त्याला थारा नाही, तोंड उघडं पडलंय, टेंटॅकल्स हाताला चिकटत नाहीत, तर पाणी बदला, प्रकाश मोजा, हेही मी लिहिलंय. फक्त तुमच्यासारखं ओरडून नाही. तांब्याचं औषध माशांसाठी कधी त्याच पाण्यात घातलं होतं का, तेही आठवा. माशांना तारणारं ते औषध ॲनिमोनला मारतं. आणि फिरत्या ॲनिमोनचा खरा धोका पाण्याच्या आकड्यांत नाही, तो पंपाच्या तोंडाशी आहे. एकदा पॉवरहेडमध्ये ओढला गेला की त्याचा कीस पडतो, आणि काही तासांत सगळा टँक नासतो. जाळी किंवा स्पंज लावा, पण स्पंज तुंबतो, तो धुवावा लागतो. वाटेत लागलेल्या प्रवाळांना तो डंख मारत जातो ही वेगळी डोकेदुखी.

मिठाच्या आकड्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पाण्याची विशिष्ट घनता नुसती 1.025 लिहून मी मोकळी झाले होते. कोणत्या तापमानाला ते सांगितलं नाही. 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार) धरलं तर 25 अंशाला साधारण 1.026 येतं. ते वाक्य दुरुस्त केलं आहे. बघा, सांगायची पद्धत बरी असती तर आभारही मानले असते.

खाण्याचं: ‘प्रकाशावर जगतो, खायला घालणं हे खूळ’, हे तुमचे शब्द. शैवाल साखर देतं, नायट्रोजन कुठून आणायचा? तोंडापेक्षा लहान कोळंबीचा तुकडा आठवड्यातून एकदा दिला तर काही बिघडत नाही. मोठा दिला तर तो ओकून टाकतो आणि पाणी बिघडतं, इतकंच. क्लाऊनफिशशिवाय ॲनिमोन जगत नाही असं मी कुठेच लिहिलेलं नाही, तुम्ही ते माझ्या तोंडी घातलंत. मासा असला तर त्याने बाहेर टाकलेला अमोनिया शैवालाला मिळतो, नसला तरी तो मजेत जगतो. पुढे.

आणि ती बरणी. हो, 1828 मध्ये स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकजवळच्या किनाऱ्यावरून आणलेला ॲनिमोन एडिनबरोत काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगला, त्याला सगळे ‘ग्रॅनी’ म्हणत, ही गोष्ट मलाही आवडते. पण ती जात ॲक्टिनिया इक्विना, थंड समुद्रातली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, आणि अंगात शैवाल नसलेली. तिला दिवे लागलेच नसते. तिचं उदाहरण देऊन लोकांना बबल-टिप बरणीत ठेवायला सांगणं म्हणजे काय, ते मी सभ्यपणे लिहू शकत नाही, म्हणून सोडते.

पुन्हा लिहाल हे माहीत आहे. लिहाल तेव्हा टँकचं वय, दिव्याखालचं पीएआर (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप), प्रवाह कोणत्या बाजूने येतो आणि ॲनिमोनची जात, एवढं लिहा. माझ्या स्वभावावर मत मागवलेलं नाही, आणि त्या मजकुराला यापुढे मंजुरी मिळणार नाही.