नियोजनाची केस स्टडी आणि गाळलेला मजकूर

उच्च शिक्षणातील नियोजन प्रकल्पांवर केस स्टडी लिहा, असे आजकाल कार्यशाळांमधून वारंवार सांगितले जाते. प्रत्यक्षात हाती येतो तो बहुधा कार्यक्रमाचा अहवाल. समिती कधी नेमली, उद्घाटन कोणी केले, किती विद्यार्थ्यांना लाभ झाला, हे सगळे त्यात असते. समितीपुढे दुसरा कोणता पर्याय होता आणि तो का नाकारला, एवढेच नसते. माझ्या मते ज्या लेखनात नाकारलेला पर्याय नोंदवलेला नाही, त्याला केस स्टडी म्हणू नये.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेला महाविद्यालयाने स्वतःविषयी द्यायच्या स्वयंअध्ययन अहवालात सर्वोत्तम उपक्रमांचा जो नमुना आहे, त्यात उद्दिष्टे, संदर्भ, प्रत्यक्ष उपक्रम आणि यशाचा पुरावा यांच्याबरोबर अडचणी व लागणारी साधने यांनाही जागा दिलेली आहे. आपण ती जागा 'निधीची कमतरता' अशा दोन शब्दांत उरकतो, कारण श्रेणी देणाऱ्यांसमोर अडचण मांडणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे, अशी आपली समजूत झालेली आहे. (समजूत अगदीच निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही.) म्हणूनच मूल्यांकनासाठीचे लेखन आणि एकमेकांकडून शिकण्यासाठीचे लेखन वेगळे ठेवावे लागेल.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. जिल्हा एकच असला, तरी नियोजनाचे प्रश्न तालुक्यागणिक बदलतात. अक्कलकोटच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुले असतात. तिथे प्रथम वर्षाच्या अध्यापनाचा आराखडा करताना भाषेचा विचार टाळता येत नाही. पंढरपुरात आषाढीच्या दिवसांत सारे शहर वारीच्या गर्दीने भरून जाते आणि नेमका तोच काळ प्रवेशाचा व नव्या सत्राच्या सुरुवातीचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय आणि कौशल्य अभ्यासक्रम एकाच वेळापत्रकात बसवताना ज्या महाविद्यालयातील निम्मी मुले एसटीच्या पासवर येतात, त्याला शेवटची तासिका कोणत्या विषयाला द्यायची हाच सर्वांत अवघड निर्णय ठरतो. ती ऐच्छिक विषयाला दिली, तर परगावची मुले गाडीच्या वेळेकडे पाहून विषय निवडतील. मुख्य विषयाला दिली, तर हजेरी घसरेल. आणि सकाळी लवकर वर्ग भरवायचे, तर तासिका तत्त्वावरील अध्यापक, जे बहुधा दुसरीकडेही शिकवत असतात, त्या वेळेला मिळतीलच असे नाही. या तिन्ही वाटा, त्यांतली निवडलेली वाट आणि वर्षअखेरीची हजेरी लिहिली, तर ती केस बार्शीच्याही उपयोगाची आणि करमाळ्याच्याही.

असे लेखन प्रकल्प संपल्यावर आठवणीतून करता येत नाही. बैठकीच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते ठरले' एवढेच उरते आणि मतभेद चहाच्या टेबलावरच राहतात. म्हणून प्रकल्प चालू असतानाच कोणीतरी टिपणे ठेवावीत, आणि ती प्राचार्य किंवा समन्वयकांनी न ठेवता निर्णयात थेट सहभागी नसलेल्या सहकाऱ्याने ठेवावीत. कार्यालयीन अधीक्षकांनाही विचारावे. खोल्या, शुल्क आणि परीक्षेच्या तारखा यांचा मेळ प्रत्यक्षात तेच घालत असतात, आणि आपल्या केस स्टडीत त्यांचे नाव केवळ आभारात येते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत आराखडा करावा लागतो. पुढच्या आराखड्याची माहिती मागवताना विद्यापीठाने तक्त्यांसोबत प्रत्येक तालुक्यातून फसलेल्या किंवा अर्ध्यावर बदललेल्या निदान एका योजनेची केस मागवावी, आणि ती श्रेणीसाठी वापरली जाणार नाही, असे त्याच परिपत्रकात लिहून द्यावे.