मारा… धरा… सोडा!

परवाच्या रविवारी मी वाईतल्या एका गॅरेजात, जॅकवर चढवलेल्या स्वतःच्याच गाडीत बसून पाऊण तास ब्रेक दाबत होतो. अंगात इस्त्रीचा मोतिया कुर्ता. दोन गल्ल्या पलीकडे मेव्हणीचा साखरपुडा चाललेला. मेव्हण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ताटाच्या फोटोत मसालेभातावरची वाफसुद्धा दिसत होती. आज बुधवार. गुडघा अजून कुरकुरतोय, आणि बिलावरची एक ओळ त्याहून जास्त ठणकतेय.

झालं ते थोडक्यात सांगतो. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना गाडी ब्रेक मारला की उजवीकडे जायची, सोडला की डावीकडे. खाली येईस्तोवर पुढच्या डाव्या चाकातून तवा करपल्यासारखा वास यायला लागला. समोर दिसलं ते गॅरेज.

मिस्त्रींनी चाक काढलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि कॅलिपरकडे, म्हणजे चाकाला ब्रेक लावणाऱ्या पकडीकडे, ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज (नळी) दोन बोटांत दुमडून दाखवला. थंडीत टाचांना पडतात तशा भेगा होत्या. एका भेगेतून आतलं दोऱ्याचं विणकाम डोकावत होतं.

"हे वरचं झालं," मिस्त्री म्हणाले. "आतनं रबर सुजलंय. पेडल दाबलं की ऑइल कसंबसं जातंय, पण माघारी येत नाय. म्हणून चाक धरून ठेवतंय."

"जावयागत," मागून आवाज आला. "आत येतोय, पण जायचं नाव न्हाय."

मी वाईचा जावई आहे. त्यांना हे ठाऊक नव्हतं, असं मी आजवर मानत आलोय.

काका एका जुन्या टायरवर मांडी घालून सुपारी कातरत होते. एस्टीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पण पँट अजून खाकीच. त्यांची कुठली गाडी दुरुस्तीला आलीय, असं मी विचारलं. त्यांच्याकडे गाडीच नव्हती. ते रोज यायचे.

"घाट कुठल्या गिअरात उतरला?"

"चौथ्या."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मिस्त्रींनी मान खाली घातली. कोपऱ्यात पंक्चर काढणारा पोरगासुद्धा थांबला. घरात कुणी गेल्याची बातमी यावी तशी शांतता.

"ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा," काका हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशी शिकवत्यात आमच्यात."

मी म्हणालो की गिअर चुकला असेल, पण होज काही गिअरमुळे फुटत नाही. गाडी २००९ सालची, रबरही तेव्हाचंच. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, ओलावा धरल्यावर मात्र १४० अंशांलाच उकळू शकतं. मग वाफ होते आणि पेडल खाली जातं. मला वाटलं, थोडी पत वाढेल.

"शिकलेले दिसताय," काका म्हणाले. साताऱ्याकडे ही शिवी आहे.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. एप्रिलमध्येच पुण्यात रीतसर सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. तपासणीच्या कागदावर 'ब्रेक होज' या चौकटीत बरोबरची खूण आहे. म्हणजे सगळ्याच चौकटींत आहे. पेन न उचलता वरून खाली ओढलेला एकच फराटा. चाक काढून होज दुमडून बघायला दोन मिनिटं लागतात, ते मी आता स्वतः पाहिलंय. ती दोन मिनिटं कुणी दिली नाहीत. आत सुगंधी फवारा मात्र मारला होता, त्याचे दीडशे वेगळे लावले. म्हणजे आम्ही घाटातून गेलो असतो तर निदान मोगऱ्याच्या वासात गेलो असतो. असो.

होज वाईत मिळेनात. मिस्त्रींनी पोराला मोटारसायकलवर साताऱ्याला पिटाळलं, दोन्ही बाजूंचे आणायला. एक गेला की दुसरा वाटेवरच असतो म्हणे. मी चालत साखरपुड्याला जाऊ शकलो असतो, पण मिस्त्री म्हणाले, "गाडी उघडी हाय, थांबा जरा." काका मात्र उठले. "आलोच जेवून."

तासाभराने परतले ते विडा चघळत. "मसालेभात बरा हुता. जिलबी संपली. त्यांचा जावई कुठंतरी अडकलाय म्हणत हुते."

मी काही बोललो नाही.

होज बसवताना मिस्त्री जुनीच तांब्याची वायसर परत लावायला निघाले. मी अडवलं. ती एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, ऑइल झिरपतं. मिस्त्रींनी मुकाट्याने नवी काढली. दिवसभरातला माझा हा एकमेव विजय. त्यावर काका: "पुस्तकात हाय ते."

मग होज बदलताना ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणं, म्हणजे ब्लीडिंग. पोरगा दमून चहाला गेलेला, म्हणून पेडलवर मी. मिस्त्री चाकाशी; कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या स्क्रूला, म्हणजे निपलला, पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. पेडल मारायचं, दाबून धरायचं, ते निपल सैल करणार, बुडबुडे येणार, निपल घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा पुन्हा आत. इतकं सोपं काम. पण हुकूम मिस्त्री देत नव्हते. काका देत होते.

"मारा… मारा… मारा… धरा! धरा म्हणतोय न्हवं! …सोडा. अवो, आत्ता न्हाय!"

बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल उतरत होतं. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले. काकांनी त्यांना समजावून सांगितलं, "आमच्या एस्टीला हवा भरत्यात, तवा ब्रेक लागतोय. ह्यांच्यातली काढाय लागती." दोघांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली.

डावं झालं, उजवं झालं. मग काका म्हणाले, मागचं डावं राहिलं, पेडल दाबलं की ऑइल ढकलतो त्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं तेच, खरं तर सुरुवात तिथनंच पायजे हुती. मिस्त्री म्हणाले, मागचं उघडलंच नाही, तिथं हवा कशी जाईल? दहा मिनिटं वाद. मी 'धरा'वरच होतो. कुणी सोडा म्हणेना.

बिल आलं. होज, वायसर, ऑइल, फिटिंग, सगळं कबूल. शेवटची ओळ: 'ब्लीडिंग मजुरी ३००'.

"अहो, पेडल मी मारलं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी काकांकडे पाहिलं. काकांनी पिंक टाकली. "पाय तुमचा. पण सांगत कोण हुतं?"

मी तीनशे दिले.

साखरपुड्याच्या घरी पोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. कुर्त्याच्या बाहीवर ऑइलचा डाग. पाटावर बसलो, गार मसालेभात समोर आला. मेव्हण्याचा पाच वर्षांचा मुलगा पुढ्यात येऊन उभा राहिला आणि मी घास तोंडाजवळ नेला की "धरा!" म्हणायला लागला. सासूबाईंनी त्याला दटावलं, तूप वाढलं, आणि अगदी मायेने विचारलं,

"निघाली का हो हवा सगळी?"