पॉइंटवाले सर

"काय सर, बसला का पॉइंट?" काल पानठेल्यावर एकानं विचारलं आणि बाकीचे खी खी हसले. बातमी कोणी पोचवली ते मला पक्कं ठाऊक आहे.

काम अगदी किरकोळ होतं. पावसाच्या आकडेवारीसाठी घरच्या डेस्कटॉपवर ऑक्टेव्ह नावाचं गणिती हिशेबांचं सॉफ्टवेअर टाकलंय, फुकट मिळतं म्हणून. पण उघडलं की संख्याशास्त्राचं पॅकेज, म्हणजे जादा सूत्रांचा गठ्ठा, जोडायला दरवेळी 'पीकेजी लोड स्टॅटिस्टिक्स' लिहा. हीच ओळ 'डॉट ऑक्टेव्हआरसी' नावाच्या फाइलीत लिहून आपल्या यूझर फोल्डरात ठेवली, की सुरू होतानाच ते ती वाचून घेतं. नावाच्या आधी टिंब, मागे काही नाही.

तेवढ्यात शेजारचे काकाजी हातात कागद घेऊन आले. माझ्याकडं प्रिंटर आहे हे कळल्यापासून अर्ध्या गावानं तालुक्याला जाणं सोडलंय.

"काय करून रायले सर?"

"सेटिंग करतोय काकाजी. रोज तेच तेच सांगावं लागतं याला."

"रोज?" ते खुर्ची ओढून बसले. "आमी सालगड्याले पाडव्याले एकदा सांगतो. सकायी ढोरं सोडाची, शेण काढाचं. मंग सालभर तोंड उघडा लागत नाही. आन् हे सायन्सचं हाय म्हंता?"

"म्हणूनच तर फाइल करतोय."

"मंग नावाच्या पयले पॉइंट काऊन?"

"तशी पद्धत आहे."

"पॉइंट शेवटी देत असतेत सर. आमच्या गुरुजीनं शेवटीच देल्ता."

फाइल केली, ऑक्टेव्ह उघडलं. ढिम्म! पुन्हा केली, पुन्हा ढिम्म. काकाजी "पॉइंट मांगं घेऊन पाहा" म्हणत होते. खरा घोळ असा, की नोटपॅडनं मागं गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवलं होतं आणि विंडोजनं ते शेपूट मला दाखवायचंच नाही असं परस्पर ठरवलं होतं. कॉम्प्युटर माझा, हप्ते मी फेडले, फाइलीचं पूर्ण नाव मात्र मलाच बघायची चोरी!

या ऑक्टेव्हचा संगीताशी काही संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील नावाचे केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, पाकिटाच्या पाठीवर चटकन हिशेब मांडण्यात पटाईत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानं त्यांचं नाव दिलं. चटकन म्हणे!

मग लाइन गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलीय, तो नुसता कोकलतो. बोलायची सोय नाही, कारण इथं शेतीची लाइन रात्री देतात आणि माणसं साप-विंचवातून ओलीत करायला जातात. त्यांच्यापुढं माझ्या टिंबाचं काय रडगाणं गायचं? पण राग यायचा तो येतोच.

लाइन आली तरी काकाजी बसलेलेच. या वेळी नाव अवतरणचिन्हांत घालून सेव्ह केलं, म्हणजे नोटपॅड शेपूट चिकटवत नाही. ऑक्टेव्ह उघडलं, 'पीकेजी लिस्ट' टाकलं. स्टॅटिस्टिक्सच्या नावाशेजारी बारीक चांदणी! म्हणजे पॅकेज आपोआप लोड झालं.

"झालं?" काकाजी पडद्याला नाक लावून म्हणाले. "मंग आता हे पाऊस सांगते?"

"१९९१ ते २०२० चा सांगतं."

"पडून गेलेला?" ते उठले. "तो तं मलेई मालूम हाय." आणि हातातला कागद पुढं केला, "दोन झेरॉक्स काढा. मांगून-पुढून."