विंडोज 7चं अपडेट बंद करायला सांगणारा फॉरवर्ड

"विंडोज 7 आहे? अपडेट सर्व्हिस कायमची बंद करा, पीसी पळायला लागेल. इतक्या जुन्या विंडोजवर हॅकर वेळ घालवत नाहीत. अँटिव्हायरस असला की बास." हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर आला. दुकानातली टॅली अजून विंडोज 7वर चालवणाऱ्या काकांनी खाली लिहिलं, "आजच करतो." काका, थांबा.

हॅकर जुन्याकडे बघत नाहीत म्हणे! 12 मे 2017ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) पसरला. तो ज्या भोकातून शिरायचा ते बुजवणारा पॅच, एमएस17-010, मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता, म्हणजे 59 दिवस आधी. कॅस्परस्कीच्या पाहणीत लागण झालेल्यांपैकी 98 टक्क्यांहून जास्त मशीन विंडोज 7ची निघाली. कुणी लिंक दाबायचीही गरज नव्हती. 445 पोर्ट (नेटवर्कवर फाइली शेअर करायचं दार) उघडं आणि पॅच नाही, एवढं पुरे होतं; एका मशीनमधून तो आपोआप शेजारच्यात शिरायचा. शिवाय नव्या विंडोजला दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच येतो. तो जुन्या फाइलशी ताडून पाहिला की भोक कुठे होतं ते कळतं. तेच भोक विंडोज 7मध्ये असलं तर? तिथे आता बुजवायला कुणी येत नाही.

अपडेटने पीसी रखडतो, हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. 2 जीबी रॅमवर जुनं अपडेट क्लायंट "चेकिंग फॉर अपडेट्स"वर तासन्‌तास बसायचं आणि एसव्हीसीहोस्ट (सर्व्हिस चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) सगळी रॅम खायचा. त्यावर उपाय सर्व्हिस मारणं नव्हे. आधी केबी3020369, मग केबी3172605 टाका (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा नंबर). शोध मिनिटांवर येतो.

विंडोज नव्याने टाकलं असेल तर क्रम चुकवू नका. आधी सर्व्हिस पॅक 1. रनमध्ये विनव्हर (winver) टाकून बिल्ड 7601 दिसतंय ना ते बघा. मग केबी4490628, मग केबी4474419, आणि रीस्टार्ट. हे दोन नसले तर विंडोजला एसएचए-2 सही (अपडेट अस्सल असल्याची डिजिटल खूण) ओळखता येत नाही आणि पुढचे पॅच 80092004 एरर देऊन आपटतात. शेवटी केबी4534310, हा 14 जानेवारी 2020चा शेवटचा फुकट मासिक रोलअप (पॅचचा एकत्र गठ्ठा). फाइली दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमधून उतरवा, 32 की 64 बिट ते पाहून. सगळं होईपर्यंत लॅनची वायर काढलेली बरी.

एसएमबी1पण बंद करा, ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत, वॉनाक्राय हिच्यातूनच शिरायचा: रजिस्ट्रीत (regedit) लॅनमनसर्व्हरच्या (LanmanServer) पॅरामीटर्समध्ये एसएमबी1 (SMB1) नावाची डीवर्ड (DWORD) नोंद, किंमत 0, रीस्टार्ट. जुन्या झेरॉक्स मशीनचं 'स्कॅन टू फोल्डर' त्याने बंद पडू शकतं.

अँटिव्हायरस? तो फाइली तपासतो, विंडोजमधलं भोक बुजवत नाही. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

एवढं करूनही मशीन 2020पर्यंतच येतं. पैसे भरून मिळणारे पॅचही जानेवारी 2023ला संपले, क्रोम ब्राउझर 109व्या आवृत्तीवर थांबलं. म्हणून त्यावर फक्त टॅली. नेटबँकिंग आणि जीएसटी दुसऱ्या मशीनवर. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही एन्क्रिप्ट करतो.