इलिनॉयचा गांजा-कर नेमका कुणाला मिळतो?

एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात गांजा विकून तुरुंगात गेलेल्यांना सरकार आता २५ हजार डॉलर देतं, पैसा प्रामाणिक करदात्यांचा, त्यासाठी पोलिसांचा निधी कापला, आणि कायदा मोडला तर शिक्षा होणारच, त्यात भरपाई कसली?

यातली पहिली तीन विधानं चुकीची आहेत. चौथं चांगल्या, विचारी माणसांनाही पटतं, म्हणून त्यावर जास्त बोलायला हवं.

२५ हजारांचा आकडा आला तो शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टन शहरातून. या शहराने २०१९ मध्ये ठरवलं की स्थानिक गांजा-करातले पहिले १ कोटी डॉलर कृष्णवर्णीय रहिवाशांवरच्या अन्यायाच्या भरपाईसाठी ठेवायचे. पहिली योजना घरांची होती. १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेले कृष्णवर्णीय आणि त्यांचे वंशज यांना, घरांच्या बाबतीत झालेल्या भेदभावाबद्दल, प्रत्येकी २५ हजार डॉलर. पैसे घेणाऱ्याने कधी गांजा विकला की नाही, हा प्रश्नच तिथे नाही. अर्जदाराला कुणी त्याबद्दल विचारतही नाही.

राज्याची योजना वेगळी आहे. २०१९ च्या कायद्याने गांजाची विक्री १ जानेवारी २०२० पासून खुली केली आणि त्याच कायद्यात महसुलाची वाटणी लिहून ठेवली. प्रशासनाचा खर्च वगळून उरलेल्या रकमेतला २५ टक्के वाटा ‘आर-थ्री’ नावाच्या निधीत जातो. हा निधी कुणा आरोपीच्या खात्यात जमा होत नाही, तो स्थानिक संस्थांना अनुदान म्हणून मिळतो. कामं ठरलेली आहेत: दिवाणी प्रकरणांत कायदेशीर मदत, तुरुंगातून सुटलेल्यांना पुन्हा उभं करणं, हिंसाचार रोखणं, तरुणांसाठी उपक्रम, रोजगार आणि व्यवसाय. वस्त्या निवडताना गोळीबारातल्या जखमींचं प्रमाण, बालदारिद्र्य, बेकारी आणि तिथून किती माणसं तुरुंगात गेली हे पाहिलं जातं.

करदात्यांच्या पैशाबद्दल. हा कर गांजा विकत घेणारा दुकानात भरतो, मालाच्या तीव्रतेनुसार १० ते २५ टक्के. जो विकत घेत नाही त्याच्या खिशातून यातला एक सेंटही जात नाही. तरी तिजोरीत आला की तो सगळ्यांचा पैसा, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर ३५ टक्के राज्याच्या सर्वसाधारण निधीत जातात आणि २० टक्के मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीवर. पोलिसांचं काय? त्याच वाटणीत ८ टक्के स्थानिक पोलीस यंत्रणेसाठी राखलेले आहेत. निधी कापल्याचा आरोप करणाऱ्याने कायद्याचं ते कलम उघडून पाहिलेलं दिसत नाही.

आता ‘कायदा मोडला तर शिक्षा’. कायदा कोणी मोडला? गोरे आणि कृष्णवर्णीय गांजा साधारण सारख्याच प्रमाणात ओढतात, हे अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. तरी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एसीएलयू’ या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार इलिनॉयमध्ये गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयाला अटक होण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा साडेसात पट होती. महाविद्यालयाच्या वसतिगृहात ओढलेला गांजा आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या ऑस्टिन भागात रस्त्याच्या कोपऱ्यावर ओढलेला गांजा कायद्याच्या पुस्तकात एकच होता. पोलिसांची गाडी मात्र रोज ऑस्टिनमध्येच फिरत होती.

आणि शिक्षा ओढणाऱ्यापुरती थांबली असती तर वस्तीच्या नुकसानीची भाषा मी केली नसती. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला अन्नमदत आयुष्यभर बंद केली. ज्या राज्यांनी सूट घेतली तिथेच ती मिळत राहिली. १९९८ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यांची केंद्रीय शिक्षणमदत तोडण्यात आली. सरकारी घरांचं प्रकरण मला सर्वांत क्रूर वाटतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये नातवंडांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये गांजा ओढला म्हणून वृद्ध भाडेकरूंना घरातून काढण्याची कारवाई झाली. त्यांना याची कल्पना नव्हती, तरी असं घराबाहेर काढता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एकमताने दिला. त्या आजी-आजोबांनी कोणता कायदा मोडला होता?

मूळ मुद्दा इथेच आहे. या वस्त्यांवर सरकारी पैसा पहिल्यांदाच खर्च होतो आहे असं कुणी समजू नये. शिकागोत २००५ ते २००९ मधल्या शिक्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ८५१ ब्लॉक (चार रस्त्यांमधले वस्तीचे तुकडे) असे निघाले की त्या एकेका ब्लॉकमधल्या माणसांना तुरुंगात ठेवण्यासाठी राज्याने दहा लाख डॉलरहून जास्त खर्च बांधून घेतला होता. तो पैसा करदात्यांचाच होता. त्यावर कधी कुणी संतापून मजकूर पाठवला नाही. त्यातून त्या गल्लीत ना दवाखाना उभा राहिला, ना दुकान. कमावता माणूस तेवढा गेला, आणि परत आला तेव्हा नोकरीच्या अर्जावर त्याचा गुन्हा लिहिलेला होता.

आज त्याच राज्यात २१ वर्षांवरचा रहिवासी ३० ग्रॅम गांजा उघडपणे बाळगू शकतो. २०२० संपेपर्यंत राज्याने सुमारे पाच लाख जुन्या अटकांच्या नोंदी पुसल्या. नोंद पुसली म्हणून गेलेली नोकरी किंवा घर परत येत नाही, आणि त्यासाठी महसुलाचा चौथा हिस्सा मला मुळीच जास्त वाटत नाही.

टीकेला जागा आहे, पण ती दुसरीकडे. विक्री सुरू झाल्यावर पहिली ३ कोटी १५ लाख डॉलरची अनुदानं जाहीर व्हायला वर्ष गेलं. दुकानांच्या परवान्यांत तर याहून वाईट झालं. ज्या वस्त्यांतल्या लोकांना प्राधान्य द्यायचं ठरलं होतं, त्यांची पहिली दुकानं कोर्टकचेऱ्यांत अडकून २०२२ च्या अखेरीस उघडली. औषधी गांजा आधीपासून विकणाऱ्या कंपन्यांचा गल्ला मात्र २०२० च्या पहिल्या दिवसापासून भरत होता.