‘बँकेनं ईसीजीसी कापलंय’ म्हणून निर्धास्त राहू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. विषय ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा. त्यात म्हटलंय की ईसीजीसी ही सरकारची नवी योजना आहे. परदेशी ग्राहकानं पैसे बुडवले तर कारण काहीही असो, शंभर टक्के भरपाई मिळते. आणि बँकेकडून निर्यातीसाठी कर्ज घेतलं असेल तर हे संरक्षण आपोआप लागू होतं, वेगळी पॉलिसी काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हे वाचून आमच्या दाजींनी इटलीला ९० दिवसांच्या उधारीवर जाणाऱ्या पंप बॉडीची पॉलिसी रद्द करायचं ठरवलं. “बँकेनं कापल्यात की पैसे, परत कशाला?” निर्यातीची कागदपत्रं करण्यातच माझा दिवस जातो. हे ऐकून गप्प बसवेना.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण घर बुडवणारा तोच आहे. ईसीजीसी दोन वेगवेगळ्या लोकांना विमा देते. एक निर्यातदाराला, परदेशी ग्राहकानं पैसे दिले नाहीत तर. दुसरा बँकेला, निर्यातदारानं कर्ज फेडलं नाही तर. म्हणजे या दुसऱ्या विम्यात धोका कुणाचा धरलाय? तुमचा! उद्या इटलीचा ग्राहक दिवाळखोरीत गेला आणि दाजींचं कर्ज थकलं, तर ईसीजीसी पैसे देणार बँकेला. दाजींच्या हातात छदामही येणार नाही. कर्जही माफ होणार नाही. तारण ठेवलेल्या शेडवर आणि व्हीएमसी मशीनवर बँकेची वसुली चालूच राहणार, आणि जे वसूल होईल त्यात ईसीजीसीचाही वाटा असणार.

माझ्यावर विश्वास नसेल तर रिझर्व्ह बँकेचं निर्यात कर्जावरचं २०१५ चं मास्टर सर्क्युलर काढा. माल पाठवल्यानंतरच्या कर्जावर बँका ईसीजीसीकडून जी एकत्रित हमी (म्हणजे वरचा दुसरा विमा) घेतात, ती मुख्यतः बँकांच्याच फायद्याची आहे, म्हणून तिचा प्रीमियम बँकेनं सोसावा, निर्यातदाराच्या माथी मारू नये, असं त्यात लिहिलंय. ‘पैसे कापले म्हणजे विमा आपला’ हा तर्क इथंच संपतो. स्टेटमेंटमध्ये अशी कपात दिसली तर ती कशाची, हे शाखेत जाऊन लेखी विचारा.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. बँकेला हे कव्हर असतं म्हणूनच छोट्या कारखान्याला कर्ज देताना ती जरा हात सैल सोडते. तेवढा फायदा आपल्यालाही होतो, नाही म्हणत नाही.

‘कारण काहीही असो’ हे तर आपल्या धंद्यात सरळसरळ घातक आहे. कास्टिंग (ओतीव भाग) तिकडं पोचतं, मशिनिंगला लावल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी निघते, ग्राहक फोटो काढून डेबिट नोट (रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) पाठवतो आणि पेमेंट अडवतो. हा गुणवत्तेचा वाद झाला. ग्राहकाच्या देशातल्या न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूनं लागल्याशिवाय यात क्लेम मिळत नाही. इटलीत खटला लढवणं उद्यमनगरातल्या किती जणांना परवडेल? चलनाचा भाव पडून झालेला तोटाही यात येत नाही. ग्राहकाची दिवाळखोरी, मुदतीनंतरही पैसे न देणं, त्या देशातलं युद्ध, आयातबंदी, पैसे बाहेर पाठवण्यावरचे निर्बंध, अशा कारणांसाठी हा विमा आहे.

शंभर टक्के? साधारण ८० ते ९० टक्के. उरलेला तोटा आपला.

आणि नवी योजना? ही संस्था ३० जुलै १९५७ पासून आहे, फक्त नाव बदलत गेलं. ब्रिटननं तर असं सरकारी खातं १९१९ मध्येच काढलं होतं.

पॉलिसीचा कागद हातात घ्या आणि विमाधारक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. बँकेचं असेल तर स्वतःची पॉलिसी काढा. त्या ग्राहकासाठी उधारीची मर्यादा माल जहाजावर चढायच्या आधी ईसीजीसीकडून मंजूर करून घ्या, आणि मुदत टळली की ईसीजीसीला ताबडतोब कळवा. हा मेसेज ज्यांनी पुढं पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर एवढं तरी टाकावं.