झोपलेल्या पोराला उठवणाऱ्यांनो

आता लिहितेच. तोंडाने सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही, आणि मनात ठेवलं तर तो राग शेवटी पोरांवर निघतो.

दुपारी झोपलेल्या लहान मुलाला उठवायचा अधिकार लोकांना दिलाय कुणी? खरंच विचारतेय. घरातला मोठा माणूस झोपला असेल तर सगळे पाय न वाजवता चालतात, "हळू बोल गं, बाबा झोपलेत" म्हणून दटावतात. दीड वर्षाचं पोर झोपलं असेल तर मात्र सरळ खोलीत शिरायचं, दिवा लावायचा आणि "अले अले, झोपलं का आमचं बाळ" करत त्याच्या गालाला बोट लावायचं. गालाला! झोपलाय हे डोळ्यांनी दिसतंय ना? मग विचारताय कुणाला?

दीड वर्षाच्या पोराला निजवणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. डोळे चोळायला लागला की तीच वेळ. ती हुकली की गडी परत ताजातवाना, पलंगावर उड्या. वेळ साधली तर पडदे ओढा, थोपटा, तेच ते गाणं म्हणा. मधेच त्याला पाणी हवं, मग पाण्याच्या बाटलीचं झाकण हवं, मग झाकण स्वतःच लावायचं असतं आणि ते लागत नाही म्हणून रडायचं असतं. कधीतरी पापण्या जड होतात. श्वास लांब होतो. मुठीत धरलेला माझ्या गाऊनचा काठ सुटतो. मग त्याच्या मानेखालून माझा हात काढायचा, इंचाइंचाने. हाताला मुंग्या आलेल्या. कोपर सुटलं, मनगट सुटलं, आता फक्त बोटं राहिली, आणि तो सुस्कारा टाकतो. झालं, मी आहे तिथे थांबते. एक गुडघा पलंगावर, एक पाय जमिनीवर, नाकाला खाज सुटलेली. मग उठायला जाते तर गुडघाच कट्‌कन वाजतो. स्वतःच्या गुडघ्याला शिव्या घातल्यात का कधी? मी घालते.

एवढं सगळं जमवून मी दाराशी पोचते न पोचते, तोच पलीकडून आवाज: "झोपला का?" नवरा. त्याच्या मते तो कुजबुजतोय. बोलण्यापेक्षा मोठ्याने कुजबुजायची कला हा माणूस कुठे शिकला देव जाणे. अरे, मी बाहेर आलेय आणि कडेवर कुणी नाही, याचा अर्थ काय होतो?

मोठी चार वर्षांची आहे. भाऊ झोपला की नेमकी त्याच क्षणी तिला शी लागते आणि ती झाल्याची वर्दी अख्ख्या मजल्याला जाते. "आईऽऽ, झालीऽऽ!" पण तिला माफ. चार वर्षांची आहे, हळू बोल म्हटलं तर दोन मिनिटं खरंच हळू बोलते बिचारी. चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना काय झालंय?

दाराला पाटी लावली, 'बाळ झोपले आहे, बेल वाजवू नये'. पार्सल आणणारी मुलं ती वाचतात, मेसेज टाकतात, खोकं दाराशी ठेवून जातात. आणि ओळखीचे, शिकलेसवरलेले लोक? ते पाटी वाचतात आणि दार बडवतात. वर हसून सांगतात, "बघ, बेल नाही हं वाजवली." यावर काय बोलायचं असतं? मी नुसती बघत राहते आणि आतून भोकाड ऐकू येतं.

पाहुण्यांचा तर वेगळाच तोरा. येताना फोन नाही, वेळ विचारायची नाही, नेमकं भर दुपारी यायचं आणि मूल झोपलंय म्हटलं की चेहरे पडतात, जणू मीच त्याला लपवून ठेवलंय. "असा कसा झोपला या वेळेला?" रोज याच वेळेला झोपतो. "उठव की जरा, आम्ही एवढ्या लांबून आलोय." तुम्ही लांबून आलात यात त्याचा काय दोष? तुम्हाला मध्यरात्री गदागदा हलवून सांगितलं, की उठा, तुमच्याकडे बघायला दोन माणसं आलीत, जरा हसून दाखवा, तर चालेल? मी नाही म्हटलं तर कुणीतरी "नुसतं बघून येते गं" म्हणून आत जातंच. नुसतं बघून येणारी बाई आजवर मी पाहिलेली नाही. पांघरूण सारखं करायचं, केसांवरून हात फिरवायचा, पायाचा अंगठा धरायचा. मग तो उठतो. घाबरून, लाल डोळ्यांनी, समोर अनोळखी तोंड बघून किंचाळत उठतो. आणि उठवणारी काय म्हणते? "अगंबाई, चिडका आहे गं हा!"

चिडका! गाढ झोपेतून कुणालाही ओढून काढलं की डोकं काही वेळ अर्धवटच जागं असतं. तुम्हाला ओढलं तर तुम्हीही चिडाल, फक्त तुम्हाला शिव्या येतात आणि त्याला रडता येतं, एवढाच फरक.

यापुढचा कळस म्हणजे, मूल रडून रडून लाल झालं की हीच मंडळी घड्याळ बघतात. "बरं, निघतो आम्ही. तुझीपण गडबड दिसतेय." गडबड? दहा मिनिटांपूर्वी गडबड नव्हती. दहा मिनिटांपूर्वी मी ताटातलं अन्न गरम असताना जेवत होते!

मग सल्ले. "थोडं कमी झोपला तर काय बिघडतं?" बरंच बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास झोप हवी असं म्हटलंय, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. हे तास दुपारची झोप धरून आहेत. म्हणजे दुपारची झोप हा माझ्या मनाचा खेळ नाही, तो हिशेबातला भाग आहे. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात अडीच-तीन वर्षांच्या मुलांना दुपारची झोप न देता कोडी सोडवायला बसवलं होतं. सुटणारं कोडं सुटलं तरी त्यांना नेहमीइतका आनंद होईना, आणि न सुटणाऱ्या कोड्याने ती जास्त कासावीस झाली. एक झोप चुकली होती, एकच. त्या संशोधकांचे कष्ट वाचले असते. आमच्याकडे येऊन संध्याकाळी पाच वाजता नुसतं सोफ्यावर बसायचं होतं.

दुसरा लाडका सल्ला, "दुपारी झोपवूच नकोस, रात्री लवकर झोपेल." हे बोलणाऱ्याने एकदा, फक्त एकदा, त्या दिवशी आमच्या घरी थांबावं. दुपारी उठवलेलं पोर चार वाजेपर्यंत ठीक असतं. मग बूट डाव्या पायात घातला म्हणून रडतं, काढला म्हणून रडतं. निळा पेला दिला तर लाल हवा, लाल दिला तर तो फेकायचा. पाचला जमिनीवर लोळण. सहाला चमचा तोंडात असतानाच मान कलते. उठवावं तर आकांत, झोपू द्यावं तर साडेसातला टक्क जागा, आणि मग रात्री साडेअकरापर्यंत हा पलंगावर उभा राहून टाळ्या पिटतोय आणि मी अंधारात भिंतीकडे बघतेय. दमलेलं मूल पटकन झोपतं हा ज्याने शोध लावला त्याने मुलं पाहिलेली नसणार. फार दमलेलं मूल झोपेशी भांडतं. मोठीच्या वेळी हेच पाहिलं, याच्या वेळीही तेच.

"आमच्या वेळी एवढी नाटकं नव्हती, मुलं गोंगाटात झोपायची." असतील. काही मुलं झोपतातही, त्यांच्या आयांचं अभिनंदन. मोठी अशीच होती, मिक्सर लावला तरी हलायची नाही. हा नाही तसा. काय करू, बदलून आणू?

आणि सगळ्यात गोड सल्ला, "बाळ झोपलं की तूही झोप." मग धुतलेल्या कपड्यांच्या घड्या बाळ झोपलं की बाळाने घालाव्यात का? ऑफिसच्या मेलला कोण उत्तर देणार? मोठीला कुठे ठेवू, कपाटात? लहान मुलांचं झोपेचं एक चक्र तासाभराचंही नसतं बहुतेक वेळा, ते संपताना मूल जरा चाळवतं. तेवढ्यात खट्ट झालं तर कारभार आटोपला. म्हणजे माझ्या हाती नक्की किती वेळ आहे हे मलाच माहीत नसतं. त्यात आंघोळ करायची, जेवायचं, बाथरूमचं दार लावून एकटीने आत बसायचं. हो, तीही चैनच आहे, ज्यांच्याकडे रांगणारं मूल आहे त्यांना विचारा. झोप लागायला वेळ लागतो, आणि मला नेमकी लागते तेव्हा वरच्या मजल्यावर भिंतीला खिळा ठोकायचा मुहूर्त निघतो.

माझा राग आवाजावर नाहीच खरं तर. रस्ता वाजणार, लिफ्ट वाजणार, कुत्री भुंकणार. त्यांना काय सांगणार. राग याचा येतो की उठवणाऱ्याचं काहीच जात नाही. त्याची हौस झाली, गाल ओढून झाला, फोटो काढून झाला, पुढचे आठ तास निस्तरायचे मी. वर "आई असून चिडतेस काय एवढी" हेही मीच ऐकायचं. दुपारच्या त्या तासाला कुणाच्याच लेखी किंमत नाही, कारण तो तास माझा आहे.

तर आता नियम असा. जो उठवेल, तो सांभाळेल. आत्या असो, काका असो, शेजारच्या काकू असोत. "येते गं" म्हणून सटकायचं नाही, दाराला कडी मी घालणार आहे. संध्याकाळी सहाला मान टाकली की जागं ठेवायचं, लाल पेला मागितला की निळाही हाताशी ठेवायचा, रात्री साडेअकराला तेच गाणं म्हणायचं, सगळी कडवी, मधलं गाळलं तर त्याला कळतं. डायपर कपाटाच्या दुसऱ्या खणात आहेत.